भाग ‘अ’ आणि भाग ‘ड’ यांची बेरीज कोण करणार?

असंसर्गजन्य आजारांची जोखीम मोजणाऱ्या सीबॅक फॉर्मच्या तक्रारी आम्हाला नव्या नाहीत. घेर अंदाजपंचे टाकलेला असतो, पोर्टल ऐन दुपारी बसतं, एकाच माणसाचे दोन फॉर्म निघतात. हे रडगाणं आम्ही वर्षानुवर्षे छापत आलो आहोत. या महिन्याच्या टपालातला मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो मुळावरच घाव घालतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातले वाचक लिहितात आणि खासगी दवाखान्यातलेही लिहितात, की फॉर्म अगदी इमानदारीने, टेप लावून भरला तरी ज्याला पुढे काढायचं तोच रांगेत मागे राहतो.

एक उदाहरण मांडून पाहू. चाकणच्या कारखान्यात फिरत्या पाळीवर असलेला चौतीस वर्षांचा हेल्पर घ्या. आई-वडील दोघंही मधुमेही. तंबाखू नाही, दारू नाही. कंबर ९२ सेंटिमीटर. पाळीभर वजनं उचलतो, म्हणून हालचालीच्या रकान्यात शून्य. आता भाग ‘अ’ची बेरीज करा. वयाचा १, कंबरेचा १, घरच्या इतिहासाचे २, एकूण ४. प्राधान्य मिळतं ते चारच्या वर! म्हणजे हा गडी काठावर येऊन अडकला. आई-वडिलांपैकी एकालाच मधुमेह असता तरी गुण दोनच, दोघांना आहे तरी दोनच आणि फक्त भावाला असता तरी दोनच.

पुढे पानं उलटा. लक्षणं विचारून झाली, क्षयाचा खोकला झाला, चुलीचं इंधन झालं, की सुधारित फॉर्ममध्ये शेवटी भाग ‘ड’ येतो. त्यात पीएचक्यूचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का. दोन्हींना प्रत्येकी ० ते ३ गुण. आमचा हेल्पर दोन्हींना ‘नाही’ म्हणतो आणि ते खरंही असतं, कारण तो उदास नाही. तो महिन्यातून तीन वेळा झोपेची वेळ बदलतो, कंत्राट पुढे चालू राहील की नाही हे त्याला ठाऊक नसतं, गावाकडे वडिलांच्या डायलिसिसचं कर्ज फेडतो आणि रात्री दोनला डबा उघडतो. यातलं काहीही विचारायला फॉर्मवर जागा नाही. आणि समजा भाग ‘ड’मध्ये गुण आलेच, तरी ते भाग ‘अ’त मिळवले जात नाहीत. त्यांची वाट वेगळी. एकाच माणसाचा वारसा पहिल्या पानावर, मन शेवटच्या पानावर, आणि दोघांची गाठ कुठेच नाही.

‘तिशीपुढचा प्रत्येक जण तपासायचाच आहे, गुण फक्त क्रम ठरवतात,’ असा खुलासा जिल्ह्याच्या बैठकीत हमखास ऐकायला मिळतो. नियम तसाच आहे, मान्य. पण शिबिराच्या दिवशी स्ट्रिप्स संपत आल्या की घरी पाठवायचं कुणाला, हे त्या गुणांवरच ठरतं. हे उपकेंद्रावर एक दिवस बसलेला कुणीही सांगेल. फॉर्ममागे दहा रुपये मिळवणाऱ्या आशाताईंना यात दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या आहे तोच फॉर्म भरतात.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने २००५ साली मांडलेला आयडीआरएस हा मधुमेहाच्या जोखमीचा स्कोअर घरच्या इतिहासाबाबत शहाणा आहे. एका पालकाला मधुमेह असेल तर तिथे १० गुण, दोघांना असेल तर २०. पण आमच्या हेल्परला तिथेही कंबरेचे १०, अंगमेहनत आहे पण व्यायाम नाही म्हणून २०, पालकांचे २०, आणि पस्तिशीच्या आत असल्याने वयाचे शून्य. बेरीज ५०. जोखीम ‘जास्त’ ठरते ती ६० पासून. दोन्ही मोजपट्ट्यांवर तो काठाच्या अलीकडेच राहतो.

मोजपट्टी कोणतीही परिपूर्ण नसते, हे मान्य. पण वारसा आणि ताण वेगवेगळे मोजून भागणार नाही, एवढं आता पुरेसं स्पष्ट झालं आहे. टीसीएफ७एल२ हा जीन घ्या. भारतीयांमध्ये त्याचा टाइप २ शी घट्ट संबंध आहे, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. हा जीन मुख्यतः बीटा पेशींच्या स्रवणावर बेततो. दीर्घकाळचा ताण दुसऱ्या टोकाने काम करतो: कॉर्टिसोल चढं राहतं, यकृत ग्लुकोज सोडत राहतं, पोटातली चरबी वाढते, इन्शुलिनला दाद मिळत नाही. एकीकडे गरज वाढते आणि दुसरीकडे ती भागवायची ऐपतच मुळात बेताची. ही दोन्ही एका माणसात आली की साखर कुठे जाते, हे या मासिकाच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

ताणाचा पुरावाही हवेतला नाही. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरदारांचा व्हाइटहॉल-२ अभ्यास पाहा. २००६ मध्ये त्यातून दिसलं, की चौदा वर्षांत पुन्हापुन्हा कामाचा ताण नोंदवणाऱ्यांमध्ये मेटाबॉलिक सिंड्रोमची शक्यता दुपटीहून अधिक होती. जीन आणि ताण यांची थेट गाठ दाखवणारं कामही झालं आहे. २०१५ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मेसा अभ्यासातल्या गोऱ्या सहभागींमध्ये ईबीएफ१ या जीनचा एक प्रकार शोधला. तो असलेल्यांमध्ये ताण वाढला की शरीराचा घेर, त्यामागून साखर आणि पुढे धमन्यांची जाडी अशी साखळी दिसली. हा निष्कर्ष उचलून थेट सोलापूरच्या ओपीडीत लावू नये. आपल्याकडे तो तपासला जावा, एवढंच म्हणणं आहे. स्पेनमधल्या मुर्सियाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एमटीएनआर१बीबद्दल दाखवलेली गोष्ट मात्र पाळीवाल्यांच्या संदर्भात आजच लक्षात ठेवावी: उशिरा जेवल्यावर साखर चढते आणि या जीनचा जोखमीचा प्रकार असलेल्यांमध्ये ती जास्त चढते.

नुसत्या वजनकाट्यावर भिस्त ठेवून भागत नाही, हेही आपल्याला पुण्यानेच शिकवलं. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या जोडीचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपला रुग्ण बारीक दिसतो म्हणून सुटतो, तरुण दिसतो म्हणून सुटतो आणि वर उदास दिसत नाही म्हणूनही सुटतो.

आता सरकारवरून आपल्याकडे वळू. आपल्यातले किती जण केसपेपरवर ‘एफ/एच प्लस’ याहून अधिक काही लिहितात? कुणाला, कितव्या वर्षी, आईकडून की वडिलांकडून, काही नाही. आणि ताणाबद्दल आपला ठरलेला सल्ला म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका’. ज्याच्या दारात बँकेचा माणूस उभा आहे त्याला हे सांगून काय उपयोग? त्यापेक्षा रात्रपाळी लागोपाठ नको, अशी चिठ्ठी लिहून द्या. रात्रीचा डबा पाळी सुरू होण्याआधी खायला सांगा. मेटफॉर्मिनची वेळ त्याच्या पाळीप्रमाणे बसवा. हे आपल्या हातात आहे आणि याला पैसाही लागत नाही.

दुसरीकडे आपल्यातलेच काही जण कॉर्पोरेट शिबिरांत डीएनए पॅकेजं विकू लागले आहेत. रुग्ण जाडजूड रंगीत अहवाल घेऊन येतो आणि ‘माझ्या जीनमध्येच आहे, आता काय करायचं’ म्हणून हातपाय गाळून बसतो. बहुतेक पॉलिजेनिक स्कोअर युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहेत आणि इतर लोकसमूहांमध्ये ते कमी अचूक ठरतात, हे तो अहवाल त्याला सांगत नाही. अमेरिकेतल्या डीपीपी या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात टीसीएफ७एल२चे जोखमीचे दोन्ही अंश असलेल्यांना प्लासिबो गटात मधुमेहाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी जास्त होता, पण जीवनशैली बदललेल्या गटात तो फरक जवळजवळ मावळला. २००६ पासून छापून आलेलं हे उत्तर रुग्णाला सांगायचं सोडून आपण त्याच्या हातात बिल देतो. ज्या घरात आई-वडील दोघांनाही मधुमेह आहे तिथे सर्वांत स्वस्त जनुकीय चाचणी म्हणजे नीट विचारलेली हिस्ट्री. तिला लॅब लागत नाही, पण पाच मिनिटं लागतात आणि तीच आपण देत नाही.

आमची आरोग्य खात्याकडे मागणी तीन ओळींची आहे. घरच्या इतिहासाचे गुण एका आणि दोन पालकांसाठी वेगळे करा. पाळी आणि झोप यांवर एक तरी प्रश्न घाला. आणि क्रम लावताना भाग ‘ड’चे गुण भाग ‘अ’शेजारी ठेवा. याला नवी समिती नको, नवं पोर्टल तर नकोच नको.

पण नुसती मागणी करून खातं हलत नाही, हे तीस वर्षांची प्रॅक्टिस झालेल्यांना माहीत आहे. खात्यापुढे आकडे ठेवावे लागतील आणि ते फक्त तुमच्या केसपेपरवर आहेत. पुढच्या महिन्यापासून चाळिशीच्या आतल्या प्रत्येक नव्या रुग्णाच्या पेपरवर चार गोष्टी लिहा: आई, वडील, भावंडं यांपैकी कुणाला कोणत्या वयात मधुमेह, गेल्या महिन्यात रात्रपाळ्या किती, सलग झोप किती तास, आणि कर्ज, नोकरी किंवा घरातलं आजारपण यांचा भार किती दिवसांपासून. शेजारी कंबर, सीबॅकचे गुण आणि एचबीएवनसी. रुग्णाची संमती घ्या, नावगाव गाळा आणि तीन महिन्यांनी तक्ता आमच्याकडे पाठवा. एकत्र तक्ता आम्ही करू आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या एनसीडी कक्षांपुढे ठेवू.

आणि हो, पुढच्या अंकापासून सीबॅकबद्दलची नुसती तक्रार छापली जाणार नाही. पत्रासोबत निदान दहा रुग्णांच्या नोंदी हव्यात. पत्ता नेहमीचाच, मलपृष्ठावर.