सुट्टीतला ऑनलाइन अभ्यास : पैसे कशाचे आणि शिकणे कशाचे?

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचा वर्ग जूनमध्ये सुरू होतो. मधले जवळजवळ तीन महिने मुलाच्या हातात मोबाइल आणि पालकांच्या हातात जाहिराती असतात. ‘सुट्टीत कोडिंग’, ‘सहा आठवड्यांत आर्टिफिशियल इंटेलिजन्स’, ‘परदेशी विद्यापीठात घरबसल्या शिका’ अशा संदेशांनी यंदाही आपल्या बडोद्यातील मराठी घरांचे व्हॉट्सॲप भरले आहे. मंडळाच्या बऱ्याच सभासदांनी याबद्दल आम्हांला विचारले. आमचे आयुष्य बँकेत गेले, म्हणून साहजिकच पहिला प्रश्न फीचा असतो. पण फीच्या आधी दुसरा प्रश्न येतो : या अभ्यासक्रमात मुलाला असे काय मिळणार आहे, जे शाळा देत नाही? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले की फीचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

सध्या बाजारात जे आहे त्याचे ढोबळ मानाने तीन गट पडतात.

पहिला गट : परदेशी विद्यापीठांचे कार्यक्रम

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने हुशार शाळकरी मुलांसाठी वेगळे केंद्र १९७९ मध्येच सुरू केले. स्टॅनफर्डही आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम ऑनलाइन चालवते. विषयांची यादी पाहिली तर कोणालाही हेवा वाटेल. गूढलिपीशास्त्र, संख्या सिद्धांत, तत्त्वज्ञान, सर्जनशील लेखन, कृत्रिम बुद्धिमत्ता असे विषय त्यात असतात. आपल्या शाळांत गणित म्हणजे बोर्डाचे गणित आणि लेखन म्हणजे निबंध, तेव्हा ही यादी मोहात पाडते यात नवल नाही.

या कार्यक्रमांचा दर्जा चांगला असतो, हे आम्ही मान्य करतो. मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वेळ. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. वर्ग थेट असेल तर चौदा वर्षांचे मूल किती वाजेपर्यंत जागणार, हे आधीच ठरवावे. शिवाय त्यांचा उन्हाळा जून-जुलैचा. तेव्हा आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात.

दुसरी, खर्च. दोन-तीन आठवड्यांच्या अशा बऱ्याच कार्यक्रमांची फी हजार डॉलरच्या पुढे असते, काहींची तीन हजारांच्या आसपास. डॉलरने पंच्याऐंशी रुपये ओलांडलेले असताना तीन हजार डॉलर म्हणजे अडीच लाखांच्या वर रक्कम झाली. कार्डाने पैसे भरले तर परकीय चलनाचा अधिभार साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, हा हिशेब निराळा.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, गैरसमज. अशा कार्यक्रमात भाग घेतला म्हणजे त्या विद्यापीठात पुढे प्रवेश सोपा होतो, असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. प्रवेश देणारे कार्यालय वेगळे आणि हे कार्यक्रम वेगळे. विषयासाठी जायचे असेल तर अवश्य जावे. नावासाठी अडीच लाख देणे मात्र आमच्या मते परवडणारे नाही.

दुसरा गट : खाजगी ॲप आणि कोचिंग

कोविडच्या काळात हा धंदा फोफावला. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने लहान मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी ३० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी तिच्या काही जाहिराती मागे घ्याव्यात, असे जाहिरात मानक परिषदेला सांगावे लागले. जुलै २०२४ मध्ये खुद्द बायजूजची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुलांना शिकवणारे चांगले शिक्षक या कंपन्यांत नव्हते असे आम्हांला म्हणायचे नाही. पण दोन-तीन वर्षांची फी आगाऊ भरताना आपण कंपनीला बिनतारण उसने पैसे देत असतो, हे पालकांच्या लक्षात आले नाही.

या गटातील बहुतेक वर्ग सुट्टीत काय शिकवतात? पुढच्या इयत्तेचा अभ्यास. जूनमध्ये शाळा जे शिकवणार तेच मे महिन्यात एकदा शिकायचे आणि पुन्हा जूनमध्ये कंटाळत ऐकायचे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले, त्यामागे मुलांवरील हा ताणच होता.

पैशांबाबत काही सूचना बँकेतील अनुभवावरून. आमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गृहकर्जासाठी आलेल्या एका जोडप्याचा अर्ज अडला, कारण मुलीच्या ऑनलाइन वर्गाचे हप्ते थकलेले पत-अहवालात दिसत होते. वर्ग दोन महिन्यांत सोडला, म्हणजे हप्तेही थांबले, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो ‘हप्ता’ म्हणजे एका वित्त कंपनीने त्यांच्या नावावर दिलेले कर्ज होते. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने नेमक्या याच गोष्टीबद्दल पालकांना सावध केले होते. म्हणून :

‘बिनव्याजी हप्ता’ असे लिहिले असले तरी करार कोणाशी आहे ते वाचावे. कर्ज असेल तर खर्चाचा गोषवारा देणारे पत्रक मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात सुरुवातीची ठरावीक मुदत मिळते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते.

कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी देताना विचार करावा. पंधरा हजारांपर्यंतची पुढची कपात ओटीपीशिवाय होऊ शकते. मात्र चोवीस तास आधी सूचना येणे बंधनकारक आहे. ती सूचना वाचावी आणि नको असेल तर परवानगी रद्द करावी.

खाजगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेली फी तो धरून आहे का, ते लेखी विचारावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. ‘मोफत चाचणी’साठी मुलाने स्वतः नंबर भरला आणि मग रोज फोन येत राहिले, असे होऊ देऊ नये.

तिसरा गट : सार्वजनिक आणि मोफत

याची जाहिरात कोणी करत नाही, म्हणून तो शेवटी आला. खरे तर सुरुवात येथूनच करायला हवी. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावर नववी ते बारावीचे अभ्यासक्रम एनसीईआरटी आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून येतात. आयआयटींचे एनपीटीईएल तर २००३ पासून आहे. तेथील वर्ग मोफत असतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते आणि ती हजार रुपयांच्या आसपास असते. आयआयटी मद्रासने अकरावी-बारावीच्या मुलांसाठी डेटा सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचे आठ आठवड्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम नाममात्र फीत आणले आहेत. नोंदणी शाळेमार्फत होते. आपल्या शाळेने त्यात भाग घेतला आहे का, हे मुख्याध्यापकांना एकदा विचारावे.

संगणकाची आवड असेल तर हार्वर्डचा सीएस-५० हा प्रास्ताविक अभ्यासक्रम कोणालाही फुकट पाहता येतो, गृहपाठासकट. गणित कच्चे असेल तर खान अकॅडमीवर सहावीपासून पुन्हा सुरुवात करता येते आणि वर्गात कोणी हसत नाही. विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांनी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावरील ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून पाहाव्यात. खगोलशास्त्र आवडत असेल तर २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ प्रकल्पात दुर्बिणीने टिपलेल्या आकाशगंगांचे आकार ओळखून वर्गवारी करण्याचे खरे काम शाळकरी मुलेही पालकांच्या देखरेखीखाली करू शकतात.

मग शिकावे काय?

आमच्या मते शाळेत राहून गेलेले दोन विषय सुट्टीसाठी सर्वांत योग्य आहेत.

पहिला विषय पैशाचा. बारावी झालेल्या मुलाला चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ असते, पण हप्त्याचा खरा दर काढता येत नाही. एक साधे उदाहरण घ्या. वर्गाची फी ६० हजार. एकरकमी भरल्यास ६ हजारांची सूट, नाहीतर दरमहा ५ हजारांचे बारा ‘बिनव्याजी’ हप्ते. म्हणजे प्रत्यक्षात ५४ हजारांचे कर्ज घेऊन आपण ६० हजार फेडतो. वरवर पाहता व्याज अकरा टक्के दिसते. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, म्हणून खरा वार्षिक दर वीस टक्क्यांच्या घरात जातो. हा हिशेब स्प्रेडशीटवर मांडणे पंधरा वर्षांच्या मुलाला सहज जमते. स्प्रेडशीट शिकायची तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिबर ऑफिस कॅल्कचे छोटे पाठ मोफत आहेत, आणि या उपक्रमाचे पाठ मराठी निवेदनासहही मिळतात. रिझर्व्ह बँक, सेबी आणि इतर नियामकांनी मिळून स्थापन केलेल्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचे साहित्यही शाळकरी मुलांसाठी खुले आहे. जे मूल घरच्या कर्जाचा तक्ता मांडायला शिकेल, त्याला पुढे कोणी सहज फसवू शकणार नाही.

दुसरा विषय आपल्या भाषेचा. बडोद्यातील आपली मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. मराठी ती बोलतात, पण वाचताना अडखळतात आणि लिहायचे टाळतात. शाळेकडून याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मात्र बालभारतीच्या संकेतस्थळावर नववी-दहावीची ‘कुमारभारती’ मोफत उतरवून घेता येते. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. ज्या मुलाला इतिहास किंवा कोडी आवडतात, त्याने मोडी लिपी शिकून पाहावी. तिचे मोफत पाठ यूट्यूबवर आहेत आणि २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आली आहे. गायकवाडी काळातील जुनी कागदपत्रे मोडीत आहेत. अनेक घरांच्या माळ्यावर खरेदीखते आणि पत्रे पडून आहेत, जी आज घरात कोणालाच वाचता येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. ती कागदपत्रे वाचणारी दोन-चार मुले आपल्यातून तयार झाली तर त्या पेढ्यांना अर्थ येईल.

मोफत गोष्टींची एक अडचण मात्र खरी आहे. नाव नोंदवणारे खूप, शेवटपर्यंत जाणारे थोडे, असा जगभरचा अनुभव आहे. फी भरली नसली की सोडून देणेही सोपे जाते. याच कारणाने पालक महागड्या वर्गाकडे वळतात. निदान पैसे भरले म्हणून तरी मूल बसेल, असे त्यांना वाटते. पण मुलाला बसवण्यासाठी पन्नास हजार लागत नाहीत, सोबत लागते.

येथे आपल्या शहराचा इतिहास उपयोगी पडतो. महाराजा सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात आणि गावात कोणीतरी ती पेटी उघडून बसणारा असे. आज पेटी प्रत्येकाच्या खिशात आहे. उघडून शेजारी बसणारा माणूस नाही.

तो माणूस मंडळ देऊ शकते. आमची सूचना साधी आहे. सुट्टीत आठवड्यातून दोन सकाळी मंडळाची खोली मुलांसाठी मोकळी ठेवावी. एक अभ्यासक्रम निवडलेली चार-पाच मुले एकत्र बसतील. आपल्यातील निवृत्त शिक्षक, अभियंते, हिशेबनीस शेजारी बसतील. विषय येत नसला तरी चालेल, ‘मागच्या वेळी कुठपर्यंत आला होतात?’ एवढे विचारता आले की पुरे. पैसे आणि स्प्रेडशीटच्या गटाला आम्ही सहा आठवडे वेळ देऊ. मोडी जाणणारे कोणी ज्येष्ठ सभासद असतील तर त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

आणि पालकांना एकच विनंती. कोणतीही फी भरण्यापूर्वी मुलाला अर्धा तास समोर बसवून विचारावे की त्याला काय जाणून घ्यायचे आहे. उत्तर आले तर त्या विषयाचा मोफत अभ्यासक्रम आधी दोन आठवडे करू द्यावा. त्यानंतरही गोडी टिकली आणि मोफत साहित्य अपुरे पडले, तर पैसे खुशाल खर्च करावेत. ‘काहीच नको’ असे उत्तर आले, तर त्या सुट्टीत त्याला आजोळी पाठवावे.