मधुचंद्र कोणाच्या पैशाने?

तुळशीचे लग्न लागले की अहिल्यानगर जिल्ह्यात सोयरिकींच्या बैठका सुरू होतात. मुलगी पसंत पडते, पत्रिका जुळते, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी समोरासमोर बसतात आणि ‘याद’ लिहिली जाते. मांडव कोणाचा, जेवण कोणाचे, पोशाख किती, मानपान किती, हे सारे कलमवार कागदावर उतरते. अलीकडे या यादीच्या शेवटी एक नवे कलम डोकावू लागले आहे. ते बहुधा लिहिले जात नाही. चहा होता होता वरपक्षाकडील एखादे मामा सहज म्हणून जातात, “पोरांना जरा बाहेर पाठवून द्या, हल्ली सगळेच जातात.” ‘बाहेर’ म्हणजे महाबळेश्वर नव्हे, ‘बाहेर’ म्हणजे बँकॉक, बाली, दुबई. वधूपिता मान हलवतो. जुळलेली सोयरीक एवढ्यावरून मोडावी, हे त्याला परवडणारे नसते.

ही मान जेथे हलते, तेथेच मधुचंद्राचा हुंडा होतो.

हा शब्द अनेकांना कठोर वाटेल. ‘आम्ही एक रुपयाही हुंडा घेतला नाही’ असे अभिमानाने सांगणारी सुशिक्षित घरेही विमानाची तिकिटे मात्र व्याह्यांकडून हक्काने स्वीकारतात. परंतु 1961 चा हुंडा प्रतिबंधक कायदा रोख रकमेपुरता मर्यादित नाही. विवाहाच्या संदर्भात, विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी अथवा त्यानंतर, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे दिलेली किंवा देण्याचे कबूल केलेली मालमत्ता अथवा मौल्यवान रोखा म्हणजे हुंडा, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. कोणतीही मागणी नसताना, रूढीनुसार आणि देणाऱ्याच्या ऐपतीला शोभेल एवढ्या मूल्याची, रीतसर यादी केलेली भेट कायद्याला मान्य आहे. मामांनी सुचविल्यावर कर्ज काढून भरलेले सहलीचे पैसे या सवलतीत बसतात काय? हुंडा घेणारा आणि देणारा, दोघांनाही किमान 5 वर्षे कारावासाची तरतूद या कायद्यात आहे, याचाही विसर पडू नये.

कर्जाचा हिशेब

आता रकमेकडे वळू. समजा, सहलीचा खर्च 3 लाख रुपये आहे आणि वधूपित्याने तो पतसंस्थेतून 14 टक्के व्याजाने 3 वर्षांसाठी उचलला. महिन्याचा हप्ता सुमारे 10,250 रुपये पडतो आणि 3 वर्षांत सुमारे 69 हजार रुपये केवळ व्याजापोटी जातात. नवदाम्पत्य आठवड्यात परत येते, छायाचित्रे महिनाभर मिरवतात. हप्ता मात्र 36 महिने चालतो. उसाचे बिल केव्हा येईल आणि कांद्याला काय भाव मिळेल, हे ज्याच्या हाती नाही, त्याच्या माथ्यावर हा हप्ता बसतो.

सहल कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर खर्च संपतही नाही. व्हिसा, प्रवास विमा, तेथील जेवणखाण आणि फिरणे यांचे पैसे अनेकदा वेगळे लागतात. 1 ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सहलीच्या रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जातो. त्याचे दर वेळोवेळी बदलले, पण तत्त्व तेच राहिले. हा कर पैसे भरणाऱ्याच्या पॅन क्रमांकावर जमा होतो. ज्या शेतकरी बापाला प्राप्तिकर लागूच नाही, त्याला स्वतःचेच पैसे परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. रुपयाचे मूल्यही ध्यानात घ्यावे. 2005 च्या सुमारास 44-45 रुपयांना मिळणारा डॉलर डिसेंबर 2025 मध्ये 90 रुपयांच्या पुढे गेला.

या जिल्ह्याला ताळेबंद शिकविण्याची खरे तर गरज नाही. हिवरे बाजार हे गाव पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाणी पडले, किती मुरले, किती उरले, हे पाहून कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरते. आधी शिल्लक, मग खर्च, हा नियम पाळून एक अवर्षणग्रस्त गाव देशाला आदर्श ठरले. जो नियम विहिरीला लागू पडतो, तो संसाराला लागू पडू नये काय?

दोन खाती

जिल्ह्याने जिचे नाव धारण केले, त्या अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 रोजी जामखेड तालुक्यातील चौंडीचा. काशी-सोमनाथापर्यंत त्यांनी जे धर्मकार्य उभे केले, त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर न टाकता आपल्या ‘खासगी’ उत्पन्नावर घेतला. धर्मासारख्या पुण्यकार्यासाठीही ज्यांनी दुसऱ्या खात्याला हात लावला नाही, त्यांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात जावयाच्या हौसेसाठी सासऱ्याचे खाते रिकामे व्हावे, याहून मोठी विसंगती कोणती?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवदाम्पत्याने एकांत शोधू नये, असे कोणी म्हणत नाही. पूर्वी मांडवपरतणी, कुलदैवताचे दर्शन, जागरण-गोंधळ यांतून नववधू नव्या घराशी जोडली जाई. पण भरल्या घरात त्या दोघांना मोकळेपणाने बोलायला चार दिवस मिळत नसत, हेही वडीलधाऱ्यांनी प्रांजळपणे मान्य करावे. ते चार दिवस त्यांना जरूर मिळावेत. त्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे मात्र नाही. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचा जलाशय आहे, रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर आहे, 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे. ज्यांना परदेशच पाहायचा आहे, त्यांनी तोही पाहावा. परंतु दोघांनी मिळून वर्षभर आवर्ती ठेव भरावी आणि पुढच्या वर्षी ताठ मानेने जावे. संसारातला पहिला अर्थसंकल्प पती-पत्नींनी एकत्र मांडला, तर त्याहून उत्तम प्रारंभ तो कोणता?

समाज जागा होत आहे, ही समाधानाची बाब आहे. 2025 च्या जूनमध्ये अहिल्यानगर येथे मराठा समाजाने विवाहसोहळ्यांसाठी आचारसंहिता ठरविली. पाहुण्यांची मर्यादा, डीजे, प्री-वेडिंग यांचा विचार तीत झाला. मांडवातील उधळपट्टी सर्वांना दिसते, म्हणून तिच्यावर चर्चा होते. मांडव उतरल्यानंतरचा खर्च कोणाला दिसत नाही. तो बापाच्या पासबुकात लपलेला असतो. आचारसंहितेचे पाऊल तेथवर पोहोचले पाहिजे.

याची सुरुवात वरपक्षानेच करावयास हवी. वधूपित्याने नाही म्हणावे, ही अपेक्षा सोपी. पण त्या बैठकीत त्याच्या ‘नाही’ला किंमत नसते. म्हणून पुढच्या बैठकीत याद लिहिताना मुलाच्या वडिलांनी स्वतः एक कलम घालावे: ‘नवदाम्पत्याचा प्रवास त्यांच्या स्वतःच्या कमाईतून.’ आणि मामांनी तोंड उघडण्यापूर्वी नवरदेवाने ते मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या तरुणाला एवढे एक वाक्य उच्चारण्याचे धैर्य नाही, त्याच्या हाती लेक सोपविण्यापूर्वी वधूपित्याने पुन्हा एकदा विचार करावा.