अर्ज तर भरू द्या!

बारावीनंतर मुलीने 'फॅशन डिझाइन शिकायचंय' म्हटलं, की केशोरीसारख्या गावात पहिला प्रश्न येतो, "शिवणच शिकायचं ना, मग मुंबई कशाला?" मैत्रिणींनो, शिवणक्लास चांगलाच, पण हे शिक्षण तेवढंच नाही. धागा, विणकाम, रंग, बाजार, सगळं त्यात येतं.

आणि हे आपल्याला परकं थोडंच आहे? आपल्याच भागात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढीवर बांधव कोसा पिकवतात. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, आंधळगावात त्याचं कापड विणतात. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. मग त्या साडीचं नवं रूप ठरवणारी मुलगी आपल्याकडची का नसावी?

केंद्र सरकारच्या 'निफ्ट'चं एक केंद्र नवी मुंबईत, खारघरला आहे. तिथल्या चार वर्षांच्या डिझाइन पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते, आर्ट्ससुद्धा! प्रवेश परीक्षेत चित्रकला, कल्पकता, सामान्य ज्ञान तपासतात. पुढच्या फेरीत दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू करून दाखवावी लागते. पेपर मराठीत नसतो, म्हणून तयारी अकरावीपासूनच हवी.

खर्च लाखांत जातो, हे खरंच. पण राखीव जागा, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज यांची चौकशी आधी करा ना! महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठातही वस्त्रशास्त्र शिकवतात, तोही पर्याय बघा.

मुलीच्या लग्नासाठी आपण पै-पै जमवतो. त्यातले थोडे फॉर्मच्या फीला काढा. निवड होईल, न होईल. पण 'नाही' म्हणायचंच तर ते परीक्षेने म्हणावं, घराने नको.