वेळासला जाऊ या, पण वेळेवर!

मैत्रिणींनो, वार्षिक परीक्षा जवळ आल्या की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा जायचं कुठे? मुलांना समुद्र हवा, यजमानांना शांतता हवी आणि आपल्याला? दोन दिवस दुसऱ्या कुणाच्या हातचं गरम जेवण! ही तिन्ही सुखं एका जागी हवी असतील, तर मंडणगड तालुक्यातलं वेळास गाठा. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. हरिहरेश्वरच्या बाजूने गेलात तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. मुलं तिथेच खूश!

या गावच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री येऊन अंडी घालतात, एकेका वेळी शंभराच्या आसपास. पूर्वी ती कोल्ही-कुत्री खात, माणसंही पळवत. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून राखण सुरू केली. अंडी किनाऱ्यावरच कुंपणात तशाच खड्ड्यांत पुरतात. साधारण 45 ते 55 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडे सोडतात. मार्च-एप्रिल हा त्याचा खरा मोसम. मेच्या सुट्टीपर्यंत थांबलात, तर बहुतेक पिल्लं निघून गेलेली असतात, बरं का!

इथे उतरायचं ते गावकऱ्यांच्या घरीच. पाहुण्यांचे पैसे थेट त्या घरांत जातात, म्हणून कासवं राखणं गावालाही परवडतं. पण घर ते घर! आधी फोन करून माणसं किती ते सांगा. पानात येईल ते आनंदाने जेवा. अवेळी चहाची फर्माईश नको, चुलीपुढची बाई आपल्यासारखीच दमते. उन्हाळ्यात कोकणातल्या विहिरी खाली जातात, तेव्हा पाणी जपून वापरा.

किनाऱ्यावर बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड पाडू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि वाट चुकतात. पिल्लू हातात घेऊन फोटो तर मुळीच नको, कासवांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. एक रिकामी पिशवी जवळ ठेवा आणि वेफर्सची पाकिटं, बाटल्या परत आणा. टाकलेला कचरा कुठे जाऊन साठतो, हे आम्हा देवनारच्या बायकांना कुणी सांगायला नको!

असला किनारा निवांत राहिला म्हणून कासवीण येते. आपणच तिथे जत्रा भरवली, तर ती यायची नाही आणि त्या घरांची मिळकतही जाईल.

अमुक दिवशी पिल्लं दिसतीलच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुलांना हे घरूनच समजावून न्या. नाहीच दिसली, तर वाळूत किल्ले करू द्या. मऊ वाळू आहे, आणि घाई कुणालाच नाही.