कल्याणच्या बंदरावर

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण केवळ भाजीपाल्यासच लागू आहे असें नव्हे. आम्ही माजिवड्याचीं माणसें वसईचा किल्ला पाहावयास जातों, अलिबागेस जातों. परंतु जवळच्या कल्याणची आमची ओळख गाडी बदलण्याचें स्टेशन एवढीच. दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक खलाशांच्या तोंडीं ज्या बंदराचें नांव होतें, तें मुद्दाम पाहावें असें आमच्या घरांत कोणाच्याही मनांत आलें नव्हतें. मागच्या महिन्यांत तो योग आला. तोही एका गृहकलहाच्या निमित्तानें.

झालें असें कीं, आमच्या धाकट्या पुतणीनें बारावीची परीक्षा दिली आणि व्यापारी जहाजावर अधिकारी होण्याचें मनावर घेतलें. तिच्या वडिलांना ही गोष्ट पटली, आईला अर्धी पटली, आणि आमच्या सासूबाईंना मुळींच पटली नाहीं. त्यांनीं शास्त्राचा आधार काढला नाहीं, कीं मुलीच्या जातीचा प्रश्न काढला नाहीं. “सहा सहा महिने पाण्यावर! रात्रीं ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील?” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें. चार दिवस भांड्याला भांडें लागत राहिलें. शेवटीं मींच सुचविलें कीं, रविवारीं सगळीं कल्याणास जाऊं. कल्याण हें सासूबाईंचें माहेर. त्यांना आपली आळी दिसेल आणि मुलीला बंदर.

कशेळीचा पूल, अंजूरफाटा, राजणोली नाका, कोनगांव असें करीत मोटार दुर्गाडीच्या पुलावर आली. किल्ल्यावर देवीचें दर्शन घेऊन आम्ही खालीं गणेशघाटावर उतरलों. पुतणीचा चेहरा पडला. समोर काळसर पाणी, त्यावर जलपर्णीचे पुंजके, आणि वर पुलावरून धडधडत जाणाऱ्या मालमोटारी. “काकू, बंदर कोठें आहे? ही तर नुसती खाडी!”

तिचा प्रश्न रास्त होता. कल्याणचें महत्त्व डोळ्यांनीं दिसण्याजोगें नाहीं. तें नकाशावर समजतें. उल्हास नदी येथून पश्चिमेस जाते आणि ठाण्यापाशीं तिला दोन फांटे फुटतात. एक घोडबंदरावरून वसईपाशीं समुद्रास मिळतो, दुसरा ठाण्याच्या खाडीनें मुंबईच्या बंदरांत उतरतो. म्हणजे वादळवाऱ्यापासून दूर, आंत दडलेल्या या गांवाला समुद्राचीं दारें मात्र दोन! पाठीशीं सह्याद्रीचे घाट. नाणेघाटानें जुन्नर आणि पुढें पैठण, बोरघाटानें पुणें प्रांत, थळघाटानें नाशिक. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरावयाचा तो येथें, आणि येथून तो गलबतांत चढावयाचा. कान्हेरीच्या लेण्यांत दानांचे जे लेख आहेत, त्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांबरोबर येथील सोनार आणि लोहार यांचींही दानें नोंदलेलीं आहेत. ज्या गांवचा लोहारही दान देण्याइतका सुखी, तें गांव केवढें भरभराटलेलें असेल!

पण या भरभराटीला एकदां कुलूप लागलें. ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें एका ग्रीक-भाषिक दर्यावर्दीचें पहिल्या शतकांतील टिपण आहे. त्यांत तो सांगतो कीं, थोरल्या सरगनसाच्या काळीं कल्याण हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें; पुढें तें संदनसाच्या हातीं गेल्यावर तेथील व्यापारास मोठा अडथळा झाला, आणि चुकून तेथें आलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचला नेलें जाण्याचा संभव असे. पाणी तेंच, घाट तेच, कारागीर तेच; केवळ सत्ताधाऱ्यांच्या चुरशीपायीं वाट अडली. पुन्हां मोकळी झाली तेव्हां सहाव्या शतकांत कॉस्मस या प्रवासी ग्रंथकारानें कल्याणची गणना हिंदुस्थानच्या मोठ्या बाजारपेठांत केली.

शिवाजीमहाराजांनीं १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतली आणि येथें जहाजें बांधण्यास आरंभ केला, तेव्हांही नड होती ती वाटेचीच. ठाणें आणि वसई दोन्ही पोर्तुगीजांच्या हातीं होतीं. खाडीचीं दोन्ही दारें त्यांच्या नजरेखालीं. तरीही महाराजांनीं आरमाराचा पाया येथेंच घातला. पुढें मुंबईचें बंदर वाढलें, १८५४ मध्यें आगगाडी कल्याणास पोंचली, १८६३ मध्यें बोरघाटांतून आणि १८६५ मध्यें थळघाटांतून लोहमार्ग वर चढला, आणि खाडींतील शिडें दिसेनाशीं झालीं. मौज ही कीं, कल्याणास रुळांना जे दोन फांटे फुटतात, ते त्याच दोन घाटांकडे जातात. गलबतें गेलीं, पण नाका तोच राहिला.

हें सर्व मी पुतणीला सांगत होतें. सासूबाई घाटाच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. मी ओघानें म्हणालें, “आणि याच कल्याणांत १८६५ मध्यें आनंदीबाई जोशी जन्मल्या. समुद्रगमन कलिवर्ज्य मानणाऱ्या समाजांतून १८८३ मध्यें एकोणिसावें वर्ष लागलेली ती मुलगी कलकत्त्याहून आगबोटींत बसली, आणि १८८६ मध्यें फिलाडेल्फियास डॉक्टर झाली.”

सासूबाईंनीं मान वर केली. “आणि परत आल्यावर? तें नाहीं सांगितलेंस. वर्षअखेरीस आली ती क्षय घेऊन, आणि फेब्रुवारींत पुण्यास गेली. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. आमच्या आळींत माझी आजी हें सांगतां सांगतां थांबत असे.”

मी गप्प झालें. आपण थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगतों त्या प्रस्थानापर्यंतच्या. परतीच्या वाटेवर आपली जीभ अडखळते. ज्यांनीं ‘जा’ म्हटलें, त्यांनीं ‘ये’ म्हणण्याचीही तयारी ठेवावयाची असते, हें सासूबाईंच्या बोलण्यांत होतें, आणि तें खोटें नव्हतें.

इतक्यांत पुतणी एकदम उठून उभी राहिली. “आजी, तीं पानें पाहा!” मघापासून मुंबईच्या दिशेनें वाहात जाणारे जलपर्णीचे पुंजके क्षणभर थबकले होते, आणि आतां हळूहळू उलटे, नदीच्या वरच्या अंगास सरकूं लागले होते. भरती आली होती. एवढ्या आंत, एवढ्या चिखलांतून, समुद्र अजूनही दिवसांतून दोनदां कल्याणास येतो आणि दोनदां परत जातो. आजी-नात दोघीही बराच वेळ पाहात राहिल्या.

घरीं येतांना कोणी फारसें बोललें नाहीं. कोनगांवाजवळ सासूबाईंनीं अचानक विचारलें, “काय ग, तुला पोहतां येतें का?”

“थोडें थोडें, आजी.”

“थोडें थोडें चालावयाचें नाहीं. आधीं नीट शीक. आणि आजारी पडलीस तर जहाजावर काय सोय असते, तें तुझ्या त्या शाळेंत लेखी विचारून ये. मग पाहूं.”

‘मग पाहूं’ म्हणजे ‘हो’ नव्हे, हें आमच्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. परंतु कुलूप निघालें आहे. सोमवारपासून पुतणी पहांटे पोहावयास जाते, आणि तिला उठविण्याचें काम सासूबाईंनीं आपल्याकडे घेतलें आहे. वाचकभगिनींनो, आपल्याही घरांत असें एखादें गलबत सुटण्याच्या तयारींत असेल, तर तें पहाऱ्यांत भडोचला धाडूं नका. मात्र तें परत येईल तेव्हां धक्क्यावर कोण उभें राहणार, हेंही आजच ठरवून ठेवा.