सागाला फुटवा, मग हृदयाला का नाही?



आपल्या परतवाड्याला मेळघाटचं सागवान येतं, हे तुम्हांला ठाऊकच आहे. जंगलात साग तोडला तरी त्याच्या खुंटाला नवे फुटवे येतात. तुमचा गुडघा फुटला तरी काही दिवसांत नवी कातडी येते. कारण कातडीत काही पेशी बियाण्यासारख्या राखून ठेवलेल्या असतात. त्यांना म्हणतात मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. हाडांच्या मगजातल्या मूळपेशी तर रोज नवं रक्त बनवतात!

हृदय आणि मेंदू मात्र इथं कमी पडतात. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी नुसता व्रण उरतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली, की लकवा होतो.

आता गंमत ऐका. झेब्राफिश हा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला इवलासा पट्टेरी मासा. त्याच्या हृदयातल्या रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा पाचवा भाग कापला, तरी दोन महिन्यांत भरून येतो, असं २००२ साली दिसून आलं. हे त्याला कसं जमतं, याचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही होतो. जपानात ओसाका विद्यापीठानं २०२० साली मूळपेशींपासून बनवलेल्या स्नायूचे पातळ पापुद्रे रुग्णाच्या हृदयावर बसवले.

आणि लकवा? आपल्या देशात १२० रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना त्यांच्याच मगजातल्या पेशी शिरेतून दिल्या. २०१४ साली निकाल आला: अपाय झाला नाही, पण सहा महिन्यांनंतर दोन्ही गट सारखेच!

म्हणून आईबाबांना हे वाचून दाखवा. पेशींच्या इंजेक्शनानं लकवा बरा करतो, असं सांगून कोणी लाखो रुपये मागत असेल, तर वावर विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नियमांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांखेरीज हे उपचार फक्त मान्यताप्राप्त प्रयोगातच करता येतात. अशा प्रयोगात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

मग आपल्या हाती काय? पुष्कळ! घरात कोणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ पाहा आणि १०८ला फोन लावा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही मेंदूचा स्कॅन पाहून. अमरावती इथून सुमारे ५० किलोमीटर आहे. तेव्हा ‘सकाळी पाहू’ म्हणायचं नाही.

आणि लकवा झालेले आजोबा घरी असतील, तर डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम त्यांच्याकडून रोज करवून घ्या. मेंदूचा शाबूत भाग सरावानं हरवलेली कामं पुन्हा शिकतो. तुम्ही पाढे शिकलात ना, अगदी तसाच!