चावी घेण्याआधी खिडकी बघा

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीही याच वाटेवर आहेत. कामाठीपुऱ्याचाही पुनर्विकास ठरला आहे. म्हणजे उद्या हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यातही येणार. तेव्हा आपण फक्त चौरस फूटच मोजणार का?

घर आणि आजार यांचं नातं मुंबईला नवं नाही. १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा दाट वस्तीत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला गेला. पण ज्यांची घरं पडली, त्यातले कितीतरी गरीब शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागले. रस्त्याला हवा मिळाली, त्यांना नाही.

ही चूक पुन्हा झालीच. मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये झोपडीतल्या लोकांना पक्की घरं मिळाली. पण इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊनच पोहोचत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत तिथे खालच्या मजल्यांवर टीबी जास्त आढळला.

दुसरी बाजू रोजगाराची. परळ-लालबागच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसं खराब होत. पण त्यांच्याकडे ईएसआयचं कार्ड तरी होतं, परळचं कामगार रुग्णालय होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. आज मदनपुऱ्यात बॅगा आणि शिलाईच्या छोट्या कारखान्यांत पोरं माळ्यावर काम करतात आणि तिथेच झोपतात. ईएसआयसाठी किमान दहा कामगार लागतात. मग या पोरांची नोंद कुठे होणार? टीबीच्या गोळ्या मोफत आहेत, पण उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि खाडा झाला की मजुरी नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरला विचारा: दोन इमारतींमध्ये अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन येईल का? स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते? उत्तर नकाशावर, लेखी घ्या. कारखानदार भावांनी माळ्यावर झरोका आणि एक्झॉस्ट पंखा बसवावा. दहा माणसं असतील तर ईएसआयची नोंदणी करावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात तपासणी मोफत होते, आणि उपचार सुरू असताना सकस आहारासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं ही माहिती सांगितली, तरी मोहल्ल्यातल्या अनेक घरांपर्यंत ती पोहोचेल.